पोरांचं पेव

अख्ख्या गावात खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि आम्ही बायकांनी धान्य ठेवलं ते नेमकं त्याच्याच पेवात. तो माणूस माझा नवरा होता, तेव्हा असं बोलायचा अधिकार मला आहे.

धान्य लपवायचं म्हणून काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षी आमच्या गावातल्या पोरांचे पाय काड्यांसारखे झाले होते आणि पोटं तेवढी पुढं आलेली. सांगलीहून एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी देवळात बायका जमवल्या आणि सांगितलं, नुसत्या कण्यांवर पोर उभं राहायचं नाही, जोडीला हुलगा द्या. अंबूबाई गावातली सगळ्यांत म्हातारी आणि तोंडानं सगळ्यांत फटकळ. ती म्हणाली, "हुलगा बैलाला घालत्यात बाई, पोराला न्हवं."

"बैल चालतो ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तुमचं पोरही चालेल."

तिथंच आमचं मंडळ झालं. सुगीला खळ्याखळ्यावर फिरून आम्ही सुपासुपानं ज्वारी आणि हुलगा मागितला. गावानंही दिला. आता हे ठेवायचं कुठं? एकीच्या घरी ठेवावं तर दुसरीला झोप यायची नाही. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, रामगोंडा पाटील. म्हणजे आमचे मालक. माळावरच्या आमच्या तुकड्यात एक जुनं पेव होतं, जमिनीत खोल खणलेलं, तोंडाला माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीएवढं. यांनी ते दिलं आणि शेजारची छपरीही चुलीला दिली. एकच अट घातली, रांजणात पाणी कापडातून गाळून भरायचं. आम्हां जैनांच्या घरात ते असतंच.

दुसरी गोष्ट त्यांनी अट म्हणून नव्हे, नुसती सांगून टाकली. "धान्य माझ्याकडनं न्या. मला मातर जेवाय बोलवू नका."

त्या छपरीत सगळ्या गल्ल्यांतली पोरं एका पंगतीला बसायची, महारवाड्यातली आणि मांगवाड्यातलीही. रांधायची राहीबाई, तीही महारवाड्यातलीच. तिचा नवरा पलटणीत, लढाई संपली तरी घरी आलेला नव्हता. मी यांच्याशी भांडले. म्हटलं, "तुमचं धान्य तिच्या हातात चालतं, तिच्या हातचं तुमच्या तोंडात चालत न्हाई व्हय?" यांनी उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं नाही हे व्रत त्यांनी चातुर्मासात मुनिमहाराजांसमोर घेतलं होतं, त्यामुळे अडचणीच्या प्रश्नाला गप्प बसायची त्यांना चांगली सवय झाली होती. मला त्या गप्प बसण्याचा मनस्वी राग यायचा.

राहीबाई रोज दुपारी हुलग्याचं माडगं करायची, दाट, भाजल्या पिठाचा वास माळभर जायचा. अंबूबाई घोट घेऊन तोंड वाकडं करायची. "राहे, हेच्यात लसूण ठेचून टाकलास तर म्हातारी माणसं बी पितील की गं."

"डाक्टरीणबाईंनी नको म्हटलंय," राही सांगायची. मलाही ते खरंच वाटलं.

लसूण नसला तरी पोरं ते माडगं प्याली. मनुबाईचा गुंडा दोन वर्षांचा होऊनही नुसता बसून असायचा, माश्या हाकलायचंही त्याला बळ नव्हतं. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस तो छपरीची मेढ धरून उभा राहिला आणि मेढ सोडून चक्क दोन पावलं टाकून राहीच्या अंगावर पडला. मनुबाई ओक्साबोक्शी रडली. आम्हीही रडलो, उगीच कशाला नाही म्हणू.

पुढं मार्गशीर्षात, बाजाराच्या दिवशी, केरबा गाडीवान तालुक्याहून बातमी घेऊन आला. पाटलाच्या पेवात साठा आहे असं कुणीतरी वर कळवलं होतं आणि उद्या पुरवठ्याचा इन्स्पेक्टर येणार होता. त्या काळात घरटी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त धान्य सापडलं की सरकारजमा व्हायचं. पोरांच्या चुलीला परवानगी द्यावी म्हणून आम्ही पावसाळ्यातच अर्ज केला होता, त्याचं उत्तर काही आलं नव्हतं. पेव गेलं तर पुढच्या सुगीपर्यंत चूल बंद, आणि गुंडा पुन्हा जमिनीवर. एवढं सगळ्याजणींना न सांगता कळलं.

महिन्याचं धान्य एकदम काढून आम्ही पेवावर फरशी बसवायचो, ती लगेच काढली. पण पेव उघडलं आणि उतरलं असं चालत नाही. कोंडलेल्या पेवात माणूस उतरला की गुदमरून मरतो, आमच्या भागात असे कितीतरी गेलेत. आधी तोंड उघडं ठेवायचं आणि मग दोरीनं कंदील सोडून बघायचं. आम्ही कंदील सोडला, विझला. बसून राहिलो. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. राही पेवाच्या तोंडापाशी सूप हलवून आत वारा घालत होती आणि मी आपली सारखी रस्त्याकडं बघत होते. दुपार कलल्यावर कुठं दिवा तळाशी जाऊन जळत राहिला, आणि केरबा कमरेला दोर बांधून उतरला.

दिवस मावळायच्या आत पेव मोकळं झालं. धान्य मनुबाईच्या गोवऱ्या रचलेल्या हुडव्यात, अंबूबाईच्या भुसकटात, राहीच्या कणगीत, असं ज्याच्या त्याच्या घरी गेलं. फरशी बसवून वर शेणमाती लिंपली आणि ओली दिसू नये म्हणून राख भुरभुरली.

राहिला प्रश्न मालकांचा. मी म्हटलं, "आवं, एवढंच म्हणायचं, की ह्या साली पेव भरलंच न्हाई. लहान पोरांसाठी म्हणायचं. त्यात कसलं पाप?"

"पाप हाय का न्हाई ते मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "पण मी खोटं बोलणार न्हाई."

"मग ती पोरं मरूद्यात! तुमचं व्रत तेवढं जगूद्या!"

ते उठून गेले. त्या वेळी मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की काय सांगू.

सकाळी आम्ही बायकांनी ठरवून त्यांना जेवू घालून केरबाच्या गाडीत बसवलं आणि कुंभोजला दर्शनाला धाडलं. का धाडतोय ते त्यांना पुरतं कळत होतं. गाडीत बसताना म्हणाले, "घालवताय ते बरं करताय." गाडी वळणाआड गेली तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

उन्हं उतरायला लागली आणि रस्त्यावर धुरळा दिसला. पुढं दोन बंदूकवाले पोलीस सायकलवर, मागं रिकाम्या बैलगाड्या, आणि सगळ्यांत पुढच्या गाडीत केरबाचं काळवंडलेलं तोंड. त्याच्या मागं इन्स्पेक्टर बसला होता आणि इन्स्पेक्टरच्या शेजारी आमचे मालक.

इन्स्पेक्टर येऊन गेला असेल म्हणून दर्शन उरकून परतताना नदीच्या उतारावर यांची गाठ पडली होती. इन्स्पेक्टरनं गाडीत कोण म्हणून विचारलं आणि यांनी नाव, गाव सगळं सांगितलं. निदान नाव तरी बदलायचं! पण नाही.

छपरीत पोरं पंगतीला बसलेली होती. त्या दिवशी आमच्या धांदलीत माडग्याला उशीर झाला होता. पोलिसांना बघून पोरं उठायला लागली, तेव्हा राही ओरडली, "बसा खाली! पिऊन उठायचं!" आणि ती पळीनं वाढतच राहिली.

इन्स्पेक्टर तिशीतला, चेहऱ्यानं वाईट नव्हता. मी पुढं झाले. "सायेब, पेव ह्या साली भरलंच न्हाई. उन्हाळ्यापास्नं बंद हाय."

"उघडा," तो म्हणाला.

केरबानं पहार लावून फरशी सरकवली. इन्स्पेक्टर तोंडाशी गुडघे टेकून बसला, वास घेतला आणि म्हणाला, "कंदील आणि दोर आणा." काल ज्या दिव्यासाठी आम्ही देव पाण्यात घातले होते, तोच आज विझावा म्हणून मी मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले. कंदील खाली गेला. पार तळाला टेकला. आणि छान जळत राहिला, आतला कडबा आणि त्यावर सांडलेले हुलगे दाखवत.

"बाई, मी पेवांच्या गावात वाढलोय," इन्स्पेक्टर म्हणाला. "उन्हाळ्यापासून बंद पेवात दिवा राहतो का?"

तो मालकांकडं वळला. "पाटील, तुमच्याबद्दल येताना केरबानंच सांगितलं मला. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्हीच सांगा, यात धान्य होतं?"

केरबानं मान खाली घातली. मनुबाईनं गुंडाला उचलून छातीशी धरला.

"होतं," मालक म्हणाले.

मागून अंबूबाईनं कडकड बोटं मोडली, आणि मी तिला अडवलं नाही. माझ्याच जिभेवर शिव्या आल्या होत्या.

"किती?"

"मापलं न्हाई."

"कुणाचं होतं?"

"पोरांचं." त्यांनी पंगतीकडं बोट केलं.

"कधी काढलं?"

"काल."

"नेलं कुठं?"

मालक गप्प बसले. इन्स्पेक्टरनं पुन्हा विचारलं. तरी गप्प. तिसऱ्यांदा त्यानं आवाज चढवला, "पाटील! खोटं बोलत नाही ना तुम्ही?"

"न्हाई," मालक म्हणाले. "म्हणूनच सांगत न्हाई."

ज्या गप्प बसण्यावर मी आयुष्यभर चिडले, ते तिथं माझ्यासमोर उभं होतं.

"घरांची झडती घेतो मग."

"घ्या."

इन्स्पेक्टरनं गावाकडं बघितलं. पोलीस मात्र उसाच्या फडाकडं बघत होते. तेव्हाचे दिवस तसे होते, अंधार पडला की सरकारचा माणूस आमच्या भागात थांबत नसे. उसात लपलेल्या भूमिगतांपैकी कोण बाहेर येईल त्याचा नेम नसायचा. थोरला पोलीस म्हणाला, "सायेब, सूर्य मावळायच्या आत नदी उतराय पायजे."

"पेव कुणाचं?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"माझं."

"मग साठा तुमच्या नावावर धरावा लागेल. शिक्षा होईल, पाटील. एक घर सांगा, मी तुम्हाला सोडतो."

"गाडीत बसू का?" मालकांनी विचारलं.

मला काय झालं कळलं नाही, मी इन्स्पेक्टरच्या पुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "सकाळी जेवल्यापास्नं पोटात काय न्हाई त्यांच्या. दिस बुडाल्यावर ते पाणी बी घेत न्हाईत. घरनं भाकरी आणू द्या." आमचं घर गावाच्या त्या टोकाला. इन्स्पेक्टरनं सूर्याकडं बघितलं, तो फडाच्या शेंड्यांना टेकला होता. "तेवढा वेळ नाही, बाई," तो म्हणाला, आणि हे बोलताना त्यानं मान वळवली.

तेवढ्यात राही पुढं आली. तिच्या हातात पोरांचंच जर्मनच्या पत्र्याचं वाटगं होतं, माडग्यानं भरलेलं. मालकांसमोर येऊन ती थबकली. मी डोळे मिटून घेतले. आता ते नको म्हणतील, आणि एवढ्या माणसांत राहीची मान खाली जाईल, असं मला वाटलं.

"आण्णा," राही म्हणाली, "लसूण न्हाई हेच्यात. पयल्या दिसापास्नं कवाच घातला न्हाई."

अंबूबाईनं आ वासला. डॉक्टरीणबाईंनी लसणाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हे तेव्हा मला उमगलं. लसूण न खाणारे आण्णा कधीतरी पंगतीला बसतील, म्हणून राहीनं एवढे महिने साऱ्या गावाची कुरकुर एकटीनं ऐकून घेतली होती. आणि मी घरची बायको असून मला हे सुचलं नव्हतं.

मालकांनी पायातल्या वहाणा काढल्या. छपरीत गेले आणि पंगतीत मनुबाईच्या गुंडाची जागा मोकळी होती तिथं मांडी घालून बसले. राहीच्या हातातून त्यांनी वाटगं घेतलं. शेजारची पोरं प्यायची थांबून त्यांच्याकडं बघायला लागली. दोन्ही हातांनी वाटगं धरून, घाई न करता, ते तळापर्यंत प्याले. थोरला पोलीस सूर्याकडं बघत होता, पण कुणीही 'उठा' म्हणालं नाही.

राहीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "कसं झालंय, आण्णा?"

खोटं बोलायचं नाही असा तो माणूस. त्यांनी वाटगं खाली ठेवलं, क्षणभर विचार केला आणि गाडीकडं जायला उठता उठता म्हणाले, "मीठ कमी हाय. उद्या पोरांस्नी जरा बेतानं वाढवून घाल."