तीराची डावी बाजू

यंदाच्या शेकोटीसाठी बेटावरच्या लोकांनी होडी ठरवून टाकली होती, आणि ती राइलीच्या वडिलांची तीरा होती.

युहान्नुसच्या संध्याकाळी, वर्षातला सगळ्यात लांब दिवस साजरा करायला, लेप्पा बेटाच्या किनाऱ्यावर मोठी शेकोटी पेटते. तिच्या पोटात एखादी म्हातारी लाकडी होडी असते. जिचे दिवस भरले, तिला झुडपात कुजत टाकायचं नाही, सगळ्यांच्या देखत मानाने जाळायचं, ही तिथली रीत. राइलीला रीत मान्य होती. तीराचे दिवस भरले, हे मान्य नव्हतं.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या मागे तीरा राइली आणि तिचा थोरला भाऊ तौनो, दोघांच्या मालकीची. दोन उन्हाळे ती शेडमध्येच पडून होती. यंदाचा वसंत कोरडा गेला. तौनोने तिला पाण्यात ढकललं, दुपार कलेपर्यंत ती बाकापर्यंत पाण्याने भरली, आणि त्याने ती ओढून काठावर उन्हात आणून ठेवली. मग बेटावर निरोप धाडला, की होडी मिळाली.

"फळ्याफळ्यांतून उजेड दिसतो," तो राइलीला म्हणाला. "ती होडी नाही, चाळण आहे."

"तू काढलीस तेव्हा फळ्या पाणी पिऊन फुगायला, फटी मिटायला लागल्या होत्या," राइली म्हणाली. कागदाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने लाकूड किती पाणी पितं हेच मोजण्यात नोकरी काढली होती. "आबा तिला दर वसंतात उथळ पाण्यात बुडवून ठेवायचे. प्लास्टिकची होडी घेतल्यापासून तू विसरलास."

"आबा होते तेव्हा ती तरुण होती."

"मी ती शिडावर बेटापर्यंत नेते. नेली, तर जाळायची नाही."

"आणि मला दोरी टाकून ओढत न्यावी लागली तर?"

"तर थेट शेकोटीत ओढ. मी काही बोलणार नाही."

तौनोने हात पुढे केला. राइलीने तो लगेच हातात घेतला, तेव्हा तो जरा चपापलाच.

तीरा आठवडाभर लव्हाळ्यात बुडून राहिली. सणाच्या दिवशी राइलीने तिच्यातलं पाणी उपसलं, डोलकाठी उभी केली आणि रीतीप्रमाणे नाळीला, होडीच्या पुढच्या टोकाला, बर्चच्या कोवळ्या फांद्या बांधल्या. तेवढ्यात तौनोची बायको सिर्का धुरावलेल्या माशांचं पुडकं आणि शेपू घातलेल्या नव्या बटाट्यांचं पातेलं घेऊन धक्क्यावर आली आणि सरळ होडीत उतरली.

"अगं, तू तौनोबरोबर जाणार होतीस ना?"

"त्याच्या होडीच्या मोटारीने माझं डोकं उठतं. शिवाय तू बुडालीस तर बटाटे कोण वाचवणार?"

"मग ती बादली घे. बसून खायचं नाही."

"नणंद असावी तर अशी," सिर्का म्हणाली आणि बादली मांडीवर घेऊन बसली.

वारा नेमका बेटाकडून येत होता. म्हणजे सरळ जाणं नाही. एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, असं तिरकं तिरकं चढत जायचं. पहिल्या टप्प्यात वारा डावीकडून लागला, तीरा उजवीकडे कलली आणि सुरेख पळाली. तळाशी ओंजळभर पाणी आलं, तेवढंच. तौनो त्याच्या मोटारहोडीत मागेमागे, दोरीचं वेटोळं पायाशी ठेवून.

"हे तर मजेत चाललंय," सिर्का म्हणाली.

राइली डाव्या बाजूकडे पाहत होती. लव्हाळ्यात तीरा उजव्या कुशीवर टेकून बुडाली होती. डावीकडच्या वरच्या दोन फळ्या सारा आठवडा पाण्याबाहेर राहिल्या होत्या, आणि आत्ताही कोरड्याच होत्या. बेटाच्या अरुंद खाडीत शिरताना होडी डावीकडेच कलणार होती. तिथे खडक, माणसांची गर्दी, वळायला जागा नाही. पाणी घुसायचं असेल, तर ते इथे घुसू दे.

"डोकं खाली घे," ती म्हणाली आणि सुकाणू लोटलं.

शीड धाडकन दुसरीकडे गेलं. तीरा डावीकडे कलली आणि फळ्यांमधून पाण्याच्या धारा सुरू झाल्या.

"राइली! फुटकी बाजू खाली घातलीस तू!"

"फुटकी नाही, तहानलेली आहे. उपस."

सिर्का उपसू लागली. पाणी तिच्या घोट्यांवर आलं. तौनोने मोटार वाढवली आणि शेजारी येऊन ओरडला, "वळव! दुसऱ्या अंगाने ने तिला!"

"नाही!"

"अगं, माझी बायको आहे त्यात!"

"तुझी बायको उपसतेय! तिचं लक्ष मोडू नकोस!"

"तौनो," सिर्काने मान वर न करता सांगितलं, "तू गप्प बसलास तर मला जास्त मदत होईल."

राइलीने वळण घेतलं नाही. अगदी पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत तिने तीराला त्याच कुशीवर नेलं. एक हात सुकाणूवर, दुसरा फळ्यांच्या सांध्यावर. धारा बोटांना लागत होत्या. लाकूड घाई करत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते थांबतही नाही, हेही ठाऊक होतं. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं आणि तिथेच राहिलं. मग सिर्काच्या बादलीपुढे ते हरू लागलं. धारांचे थेंब झाले.

"मी जोरात उपसतेय, की पाणी कमी येतंय?" सिर्काने धापा टाकत विचारलं.

"दोन्ही. आता माशांचं पुडकं सोड, भूक लागली."

संध्याकाळच्या लख्ख उन्हात तीरा बेटाच्या खाडीत शिरली, डावीकडे कललेली, आणि सांध्यांतून नुसता ओलावा झिरपत होता. किनाऱ्यावर लाकडांचा ढीग रचून तयार होता. होडी ओढायला आलेली माणसं बाह्या सारून पाण्याच्या कडेला उभी होती. तौनो आधीच पोचला होता आणि त्यांच्या पुढे गुडघाभर पाण्यात शिरला होता. सगळे त्याच्याकडे बघत होते.

राइलीने शीड उतरवलं. तीरा आपल्याच ओघाने सरकत आली. तौनोने दोन्ही हातांनी तिची नाळ धरली. बर्चची पानं त्याच्या तोंडावर आली, ती त्याने बाजूला केली आणि आत डोकावून पाहिलं. मग मागच्या माणसांना तो हाताने सरका म्हणाला.

"इथे कुठे घुसवतेस तिला?" तो राइलीवर खेकसला. "खाली दगड आहेत, तळ खरवडेल. धक्क्याला घे."

आणि त्याने तीराला हलकेच मागे, खोल पाण्याकडे लोटलं.