चारशे बारा जणांनी न वाचलेला निबंध

मित्रांनो, घाबरू नका. मी नुसता एक जुना शोधनिबंध आहे, चावत नाही. वय बारा वर्षं, पानं अकरा, लेखक सात. त्या सातांपैकी सहा जणांनी मला आजतागायत वाचलेलं नाही, आणि सातवीने छापील प्रत वाचली तेव्हा फार उशीर झाला होता. हा धक्का मी अजून पचवतो आहे. कागदाला पोट नसतं, त्यामुळे वेळ लागतो.

निबंध थंडगार वाचनालयात जन्माला येतात असं तुम्हाला वाटत असेल. मी वाफेत जन्मलो, एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत. मला लिहिणारी मुलगी महाविद्यालयात हंगामी प्राध्यापिका होती. लाँड्रीतल्या सगळ्या जणी तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिचा प्रश्न साधा होता: रुग्णालयाची चादर किती वेळा धुतली की फाटते? ते कळलं की नव्या चादरी कधी मागवायच्या हे ठरवता येतं. रोग्याला फाटकी चादर मिळत नाही आणि कपाटात नव्या चादरींचे ढीग उगाच झोपा काढत नाहीत. पुस्तकात याला अर्थव्यवस्थापन म्हणतात. मावशी याला ‘डोकं चालवणं’ म्हणत.

मावशी लाँड्रीच्या मुकादम. त्यांची मोजायची पद्धत अशी, की चादर दहा वेळा धुऊन झाली की तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका. चादर फाटली की टाके मोजायचे आणि दहाने गुणायचे. ताई आठ महिने एका डुगडुगत्या स्टुलावर बसून फाटक्या चादरींचे टाके मोजत होती. सहाशे चादरी झाल्या. सरासरी एकोणीस टाके, म्हणजे एकशे नव्वद धुणी.

“एकशे नव्वद? अगं, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!” मावशी म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही सांगितलं तो अंदाज. मी मोजलं ते संशोधन.”

“बरं बाई. चहा घे, तुझं संशोधन गार होतंय.”

मग ताईने मला लिहून काढलं, आणि मला नावं चिकटायला लागली.

विभागप्रमुख सर पहिले लेखक झाले. विभागातल्या प्रत्येक निबंधाचे पहिले लेखक तेच असत. ती परंपरा होती आणि ती त्यांनीच सुरू केली होती. शेजारच्या विभागाचे प्रमुख दुसरे, कारण त्यांच्या निबंधात सर दुसरे होते. तिसरे प्राचार्य. चौथे एक गृहस्थ, ज्यांच्या केबिनमध्ये प्रिंटर होता. पाचवे सरांचे मेहुणे, जे भूगर्भशास्त्र शिकवत.

“सर, यात भूगर्भशास्त्र कुठे येतं?” ताईने चाचरत विचारलं.

“चादरीखाली गादी, गादीखाली खाट, खाटेखाली जमीन,” सर म्हणाले. “आणि जमिनीखाली काय असतं?”

सहावे सरांचे गुरू. ते तीन वर्षांपूर्वी वारले होते. मी तर हबकूनच गेलो, पण सर म्हणाले, “श्रद्धा असते एखाद्याची.” श्रद्धेपुढे कागदाने काय बोलावं? सातवी आणि शेवटची ताई. मावशींना अकराव्या पानाच्या तळाशी बसवलं, ‘लाँड्रीतील कर्मचारीवर्गाचे आभार’ या ओळीत, तेही बिननावाचं.

आता इथून पुढचं नीट ऐका. काहीच न करता नाव लावणं सरांच्या मनाला पटेना. माणूस प्रामाणिक होता. म्हणून मला पाठवायच्या दिवशी त्यांनी माझं सातवं पान उघडलं. तक्त्यात १९० दिसले. खाली टीप होती, ‘एक टाका म्हणजे दहा धुणी’. पोरगी गुणायला विसरली, असं म्हणून त्यांनी एकशे नव्वदला दहाने गुणलं आणि मला पाठवून दिलं. बाराही वर्षांत त्यांनी माझ्यासाठी केलेलं हे एकमेव काम.

मी छापून आलो. माझ्या सातव्या पानावर चादर एक हजार नऊशे वेळा धुतली जात होती आणि फाटत नव्हती. मी ओरडलो असतो, पण मित्रांनो, आम्हाला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. ताईने मुखपृष्ठावर आपलं सातवं नाव पाहिलं आणि मला न उघडताच ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आणि माझं नशीब फळफळलं! निबंधाची किंमत कशी ठरते माहीत आहे? आत काय आहे यावर नाही, तर इतर किती निबंधांनी त्याचा हवाला दिला, यावर. पहिल्या वर्षी माझे तीन हवाले, तिसऱ्या वर्षी साठ, अकराव्या वर्षी चारशे बारा. एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. रोज धुतली तरी अशी चादर पाच वर्षं टिकली पाहिजे, पण चारशे बारांपैकी एकाच्याही मनात ‘कशी काय बुवा?’ असं आलं नाही. उलट एकाने माझ्या आधारे सिद्ध केलं, की रुग्णालयात सरासरी चादर सरासरी कर्मचाऱ्यापेक्षा जास्त वर्षं नोकरी करते. त्याला पुरस्कार मिळाला. सगळीकडे माझा उल्लेख ‘सर व इतर’ असा व्हायचा. त्या ‘इतर’मधली शेवटची म्हणजे ताई.

ती अजून हंगामीच होती. कायम जागेची मुलाखत सोमवारी होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची. लागणारे गुण तीस. माझे हवाले धरून तिचे छत्तीस होत होते, माझ्याशिवाय अकरा.

आधीच्या गुरुवारी मावशी विभागात आल्या. हातात एक फाटकी चादर आणि एक नोटीस.

“ताई, एकोणीस टाक्यांना चादर फाटली तर म्हणे आम्ही ती मुद्दाम फाडतो. नाहीतर चांगल्या घरी नेतो आणि फाटक्या आणून ठेवतो! आम्हा सहा जणींना घरी बसवणार आहेत. भांडारवाले साहेब म्हणतात, पुस्तकात एक हजार नऊशे लिहिलंय.”

“कुठल्या पुस्तकात, मावशी?”

“मला काय ठाऊक? कुणीतरी सर आहेत आणि त्यांचे इतर आहेत.”

ताईने ड्रॉवर उघडला. अकरा वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला. तिने सातवं पान काढलं, आणि तिचा चेहरा पाहून मलाच माझी लाज वाटली.

ती तशीच सरांकडे गेली, मला छातीशी धरून.

“अगं, एक शून्य इकडचं तिकडे झालं. आभाळ कोसळलं का?”

“मावशींच्या डोक्यावर कोसळलंय, सर.”

“चारशे बारा लोक चुकतील का? विचार कर! त्यापेक्षा चादरी चुकीच्या असतील.”

तिने मला छापणाऱ्या नियतकालिकाला ईमेल पाठवला. संपादकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: दुरुस्तीला सर्व लेखकांच्या सह्या हव्यात. ताईने कळवलं, सहावे लेखक हयात नाहीत. संपादकांनी लिहिलं, ‘हरकत नाही. त्यांची संमती ईमेलने चालेल.’

शेवटचा एकच रस्ता उरला. कोणत्याही एका लेखकाने सही करून, टपालाने चूक लेखी कबूल केली, तर निबंध मागे घेतला जातो. सगळाच्या सगळा, हवाल्यांसकट. शुक्रवारी संध्याकाळी ताईने ते पत्र लिहिलं. मग दोन दिवस ते तिच्या पर्समध्ये माझ्या शेजारी पडून होतं. तिच्या आईने विचारलं, “काय गं, जेवत का नाहीस?” तर म्हणाली, “शून्य अडकलंय घशात.”

सोमवारी निवड समितीच्या अध्यक्षांनी मला कौतुकाने उचललं. उघडलं नाही, फक्त वजन पाहिलं.

“वा! चारशे बारा हवाले! छान.”

“सर, तो निबंध चुकीचा आहे,” ताई म्हणाली. “मी मागे घेतेय. हे पत्र.”

मी गारठलो. अध्यक्षांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

“किती चुकीचा आहे?”

“दहापट.”

“मग असं करूया का,” अध्यक्ष कळवळून म्हणाले, “हवाले एक्केचाळीस धरूया?”

मित्रांनो, ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी खरोखरच भागाकार करून पाहिला. तरीही तिचे गुण तीस होत नव्हते. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्याचा गाजलेला निबंध चादरींच्या दीर्घायुष्यावर आहे, आणि त्याचा पाया मी आहे.

पत्र परत घेऊन ताई तिथून निघाली ती थेट टपालपेटीशी गेली, आणि मग भांडारवाल्या साहेबांकडे. साहेब आधी ऐकेनात. शेवटी तिने टेबलावर फाटकी चादर पसरली आणि त्यांच्याच बोटाने टाके मोजून घेतले. एकोणीस. पुन्हा एकोणीस. संध्याकाळपर्यंत नोटीस रद्द झाली, आणि दोन आठवड्यांत वॉर्डांत नव्या चादरी आल्या.

माझ्या प्रत्येक पानावर आता तिरपा लाल शिक्का आहे: ‘मागे घेतला’. मला वाटलं, सुटलो. पण कालच कळलं, माझे हवाले चारशे एकतीस झाले आहेत. शिक्का दिसायला मला उघडावं लागतं ना! मित्रांनो, हात जोडून सांगतो, पुढेमागे माझं नाव कुठे लिहायची वेळ आली तर आधी मला उघडा. सगळा नको, सातव्या पानापर्यंत या. आणि ज्याने काम केलंय त्याचं नाव वर घ्या, बाकीच्यांना चहा पाजा.

ताई आता एका शिकवणीवर्गात शिकवते आणि रविवारी लाँड्रीत जाते. तिने पुन्हा पहिल्यापासून लिहिलंय, नऊच पानं. गेल्या रविवारी ती पानं तिने मावशींच्या हातात दिली. वर दोन नावं होती, आणि त्यातलं पहिलं मावशींचं.

“अगं, मी कुठे काय लिहिलं? मी नुसते टाके घातले.”

“तेच आहे यात, मावशी. बाकी सगळी माझी बडबड.”

मावशींनी आपलं नाव बोटाने दोनदा वाचलं. मग एकदम गंभीर झाल्या.

“म्हणजे यात काही चुकलं, तर लोक मला येऊन विचारणार?”

“हो. तुम्हालाच.”

मावशींनी पानं बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि चादरींचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

“मग थांब जरा. परत एकदा मोजते.”