आपलं माणूस आत

चिठ्ठ्या टाकून साधी माणसं निवडायची आणि नवे रस्ते कुठून न्यायचे ते त्यांनाच ठरवू द्यायचं, असं नगरपालिकेच्या डोक्यात आलं. एरवी नशिबाने कधी ढुंकून न पाहिलेल्या शिंपीणबाईंचं नाव त्यात निघालं. गल्ली हरखली. एक रस्ता गल्लीवरूनच जाणार होता, पण आता आपलं माणूस आत होतं. शिवायला टाकलेल्या कपड्यांसाठी गिऱ्हाइकं घाई करेनाशी झाली. याहून मोठा मान तो कोणता?

तिला काळजी सासऱ्यांची होती. त्यांना दिसत नसे. गल्लीच्या भिंतीला हात लावून ते एकटे कोपऱ्यावरच्या दुकानात जात आणि गप्पा ठोकून एकटेच परत येत. त्यांचा सगळा ताठा तेवढ्यावर होता. भिंत पडली की म्हातारा अंथरूण धरणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पहिल्या बैठकीत दुसऱ्याच टोकाची वस्ती आली. ज्याचं घर त्या पट्ट्यात, त्याने बाहेर बसायचं, असा नियम. चिठ्ठीत निवडलेल्यांपैकी एक बसचालक त्या वस्तीतला होता, तो निमूटपणे उठून गेला. त्याचं तिथे काय काय जाणार, याचा तिने विचारही केला नाही. कापडावर खडूने रेघ ओढावी तसा रस्ता नकाशावर सरळ होता, आणि वाकडा काप तिला मुळातच खपत नसे. तिने मंजुरीची हिरवी टिकली चिकटवली आणि चहा घेतला.

पुढच्या बैठकीत तिची गल्ली आली.

"बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा," अध्यक्ष मायेने म्हणाले.

"मला फक्त भिंतीचं सांगायचंय."

"तुमचं घर आहे ना तिथे. नियम सगळ्यांना सारखा."

ती बाहेरच्या बाकावर बसली. आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. सगळी भली माणसं होती, तिच्यासारखीच. 

दार उघडलं. बसचालक तिच्यापाशी थांबला.

"ताई, राग धरून नाही हो हिरवी लावली. नकाशावर रस्ता सरळ दिसत होता."



संध्याकाळी सासरे भिंतीच्या आधाराने कोपऱ्यावरून येत होते. तिच्या चपलांचा आवाज त्यांनी ओळखला.

"आलीस? भिंतीचं सांगितलंस ना?"

"सांगितलं, मामंजी."

"मग कशाला घाबरायचं," ते म्हणाले, आणि भिंतीवर थोपटून पुढे निघाले.