भाताला पाणी देऊन जातो

मित्रांनो, मी एक जुना तंबूर आहे. नाव ऐकून मांडीवर घ्यायला जाऊ नका, मी वाजत नाही. मी पाणी चढवतो. इजिप्तमधल्या मन्सूरा शहराजवळच्या एका खेड्यात, नाईलच्या कालव्याकाठी, सुताराने मला घडवले. आत लाकडाचे मळसूत्र, बाहेर फळ्यांचे लांबट पिंप, त्यावर डांबर आणि लोखंडी कडी. माझे एक तोंड कालव्यात बुडवायचे, दोघांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून दांडा फिरवायचा, की वरच्या तोंडातून पाणी भाताच्या खाचरात पडते. लांबलांबचे शेतकरी मला बघायला येत आणि हात फिरवून जात.

त्या पाण्यात एक बारीक किडा असतो. तो पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि त्याची अंडी मूत्राशयात साठतात. गावाने हे ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते. पोराच्या लघवीत पहिल्यांदा रक्त दिसले की पोरगा मर्द झाला म्हणून लोक खूश होत. मला फिरवणाऱ्या दोघा भावांपैकी धाकटा बस्यूनी. त्याला लहानपणी रक्त दिसले, तेव्हा थोरल्या मितवल्लीने त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवले होते.

बस्यूनीचे लग्न झाले. त्यानंतर रक्त पुन्हा आले, या वेळी गुठळ्या पडून. बायको वहीबा त्याला ओढतच शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. परत आल्यावर त्याने दांडा फिरवता फिरवता भावाला सगळे सांगितले. त्या किड्यामुळे मूत्राशयात कर्करोग झाला होता. मूत्राशय काढून आतड्याच्या तुकड्यातून नवे बनवणार होते. पण गाठ वरच्या बाजूला होती. खालचे अवयव आणि नसा अजून साफ होत्या, त्या राखता येणार होत्या. संसार राहील, मूलही होईल, फक्त लगेच या, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. गाठ खाली उतरली तर सगळेच काढावे लागेल.

मितवल्ली हसला. "राखणार? कसायानं कधी शेपूट राखून बोकड कापलाय?"

"बाईंनी चित्र काढून दाखवलं, दादा."

"बाईनं दाखवलं होय! मग जा. येताना वहीबाची ओढणी मागून घे, तुला लागेल."

बस्यूनी दांडा जोरात फिरवू लागला. घरी त्याने वहीबाला सांगितले, भाताला पाणी देऊन जातो. पाणी देऊन झाल्यावर म्हणाला, कापणीपर्यंत पाणी लागेलच, कापणी होऊ दे.

एका सकाळी वहीबा कुऱ्हाड घेऊन काठावर आली आणि तिने माझा दांडा तोडला. "आता कशापायी अडलंय तुमचं?"

मितवल्लीने तिच्या थोबाडीत मारली. बस्यूनी बघत राहिला. मग सुताराकडे गेला आणि नवा दांडा घेऊन आला.

लघवी तुंबून तो गडाबडा लोळला, तेव्हा कुठे त्याला इस्पितळात नेले. पुढचे मी वहीबाच्या तोंडून ऐकले. काठावर भांडी घासताना ती शेजारणीला सांगत होती. गाठ खाली उतरली होती. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन एवढेच म्हणाल्या, जीव राखला, बाकी काही राखता आले नाही.

बस्यूनी घरी आला त्याच आठवड्यात मितवल्लीने डिझेलचा पंप आणला. लोकांनी विचारले, तंबूर चांगला आहे की. तो भावादेखत म्हणाला, "तंबूरला दोन मर्द लागतात. इथं आता एकच आहे." लोक हसले. मला काठावर लोटून दिले.

बस्यूनी दुपारी माझ्यावर येऊन बसू लागला. वहीबा भाकर आणि चीज घेऊन तिथेच यायची. एकदा तो म्हणाला, "बापाच्या घरी जा. माझ्यापाशी तुझ्यासाठी काय उरलंय?"

"तुम्ही उरलात की. जेवा आता."

पंपाजवळून मितवल्ली खाकरला. बस्यूनीने मान वर केली आणि मोठ्याने, भावाला ऐकू जाईल असा, तिला तलाक दिला. तिने भाकर माझ्या फळीवर ठेवली आणि ती बांधावरून निघून गेली.

मित्रांनो, कालव्यात उतरू नका. लघवीत लाल दिसले आणि कुणी पाठ थोपटली, तरी दवाखाना गाठा. जे वेळेत राखता येते ते राखून घ्या. आणि उशीर झालाच, तर जे उरले आहे त्यावर आपल्या हाताने कुऱ्हाड घालू नका. बस्यूनी अजून दुपारी इथे येऊन बसतो. जेवा म्हणणारे कुणी नाही.