लाल दिव्याचं बटण

करावे गावातले मासेमारीचे जुने शब्द मी कॉम्प्युटरवर जमवतो. उघड्या विंडो जतन करणारं एक्स्टेन्शन माझ्या भाचीने, मितालीने बसवून दिलं होतं. तरी रोज सकाळी कॉम्प्युटर बंद आणि सगळं कोरं. मीच सगळं बंद करून विसरतो, असं वाटू लागलं. माझे वडील शेवटी घराची वाट विसरले होते. म्हणून कोणाला विचारलं नाही.

रविवारी मिताली खारघरहून आली. तिने एक्स्टेन्शन काढून पुन्हा घातलं.

"मामा, हे चालतंय. फक्त नीट शटडाउन केलं तरच सेव्ह होतं. तुम्ही काय करता?"

"तसाच चालू ठेवून उठतो," मी पुटपुटलो. "पुन्हा बसायचंच असतं."

तेवढ्यात माझी बायको जमुना देवापुढे संध्याकाळचा दिवा लावून आली आणि तिने भिंतीवरचं लाल दिव्याचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर विझला.

"मामी, हे रोज करता?"

"मग? तो लाल दिवा उगाच जळतो. देवाचा दिवा लावला की बाकीची बटनं बंद, सासूबाईंची शिस्त हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "महिनाभर तोंड पाडून बसलात. मला विचारायचं ना."

उत्तर काय येईल, याचीच भीती होती. मी थकून खुर्चीत टेकलो आणि चहा मागितला.