पक्षी गेलेला वस्तरा

बुधवारी सकाळी बाबांनी मला खिडकीपाशी बोलावलं. मी दाराशी चपला घालत होते. छापखान्यात एका जाड कोशाची मुद्रितं तपासायची होती आणि मला आधीच उशीर झाला होता.

"पंडित, दोनच मिनिटं. ये, एका माणसाची ओळख करून देतो."

लहानपणापासून माझं डोकं पुस्तकात असायचं, म्हणून ते मला पंडित म्हणत. टेबलावर एक जुना घडीचा वस्तरा उघडून ठेवला होता. बाबांचं काम हेच होतं. लोक आजोबांचे, पणजोबांचे वस्तरे पेटीच्या तळातून काढून आणत. बाबा त्यांचा गंज काढत, धार लावत, सुटलेली मूठ पुन्हा बसवत. पण कोणी "अगदी नव्यासारखा करा" म्हणालं, की ते वस्तरा परत त्याच्या हातात ठेवत. "मग नवाच घ्या की. ह्या म्हाताऱ्याला कशाला छळता?"

त्यांनी मला भिंग दिलं. "पात्यामागची दांडी बघ. खालच्या अंगाला. बारीक खाचा दिसतात? बोट घसरू नये म्हणून कारखान्यातच पाडलेल्या असतात. आता मधल्या तीन बघ."

मधल्या तीन खाचा जवळजवळ सपाट झाल्या होत्या. एका बाजूला जास्त.

"पोलाद आहे हे, पंडित. आणि झिजवलंय कशानं? बोटाच्या कातडीनं. रोज सकाळी, तीस-चाळीस वर्षं." ते हे सांगताना आवाज खाली आणत, जणू तो माणूस शेजारच्या खोलीत झोपला आहे. "गडी डावखुरा होता. आणि पातं मुठीकडच्या टोकाला जास्त खाल्लं गेलंय, म्हणजे घाईचा. धार लावायच्या चामडी पट्ट्यावर पातं आपटायचा. मी फक्त गंज काढायचा. ह्या माणसाला काढून टाकायचं नाही."

"लोकांची माणसं बरी वाचता येतात," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला बेचाळीस वर्षं झाली, अजून पहिलंच पान."

"तुझं अक्षर बारीक आहे. आणि भिंग लावून बघायला गेलं की खेकसतेस."

मला हसू आलं. त्यांची नुकतीच दाढी झाली होती आणि नेहमीप्रमाणे डाव्या कानाच्या पाळीला साबण राहिला होता. अंगठ्यानं पुसावा असं मनात आलं. पण मी भिंग टेबलावर ठेवलं, "उद्या नीट बघते हं, बाबा," म्हणाले आणि जिना उतरले.

गुरुवारी सकाळी दाढी झाल्यावर ते बाथरूमच्या दाराशी खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

त्या टेबलाशी मी दोन मिनिटांवर थांबत नसे, त्याला कारण होतं. ते बावीस वर्षांपूर्वीचं आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दोन गल्ल्या सोडून एक टेलरमावशी राहत. त्यांनी त्यांच्या वारलेल्या वडिलांचा वस्तरा बाबांकडे आणून दिला होता. शिंगाच्या मुठीच्या टोकाचा टवका उडालेला, आणि पात्यावर कोरलेला एक पक्षी होता, उडता. रोजच्या पुसण्यानं त्याचा एक पंख विरून गेला होता. मावशींनी दोनदा बजावलं, "पक्षी राहिला पाहिजे हं. मी लहान असताना बाबा तो आरशासमोर हलवून भिंतीवर कवडसा पाडायचे." बाबा म्हणाले, "पक्षी माझ्यावर सोपवा."

त्याच आठवड्यात बाबा एक दिवस बाहेरगावी गेले, आईही घरी नव्हती. कोपऱ्यात पॉलिशची मोटर होती. बाबा ती फक्त मुठींच्या पितळी खिळ्यांसाठी वापरत. मला वाटलं, आपण त्यांचं काम हलकं करावं, त्यांना चकित करावं. मी चाक सुरू केलं आणि पातं त्याला टेकवलं. काळेपणा भराभर निघत गेला. मला इतका आनंद झाला की मी थांबलेच नाही. पुसून खिडकीशी धरलं तेव्हा पात्यात माझा चेहरा स्वच्छ दिसत होता. पक्षी नव्हता.

बाबा आले. त्यांनी पातं उजेडात तिरकं धरलं, मग दुसऱ्या बाजूनं तिरकं धरलं. ते मिटून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "चहा टाकतेस?"

टेलरमावशी आल्या तेव्हा मी पडद्यामागे उभी होते. "माझ्या हातून झालं," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे." मावशींनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या बाबांचा हात लागलेली ही एकच वस्तू होती माझ्याकडे. आता ही कोणाचीही आहे. ठेवा तुम्हालाच." त्या गेल्या, आणि पुन्हा कधी बाबांशी बोलल्या नाहीत. रस्त्यात समोर आल्या तर बाजू बदलत. बाबांनी मोटर देऊन टाकली. मी पडद्यामागून बाहेर आले नाही, असंच म्हणायला हवं. बावीस वर्षं.

बाबा गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली, तेव्हा एका सकाळी आई म्हणाली, "त्यांचा स्वतःचा वस्तरा अजून आरशापाशीच आहे. मला हात लावायचा धीर होत नाही. तू स्वच्छ करून डबीत ठेव. चांगला चकचकीत कर."

पात्यावर वाळलेला साबण होता. त्या गुरुवारचा. मी तो खिडकीपाशी आणला, कोमट पाण्यात कापड भिजवून हलक्या हातानं साबण काढला, आणि मूठ पुसताना थांबले. काळ्या शिंगाची मूठ, टोकाशी अर्ध्या नखाएवढा टवका उडालेला. हा टवका मी ओळखत होते. बावीस वर्षं रोज सकाळी बाबांच्या हातात हाच वस्तरा होता, आणि मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मी भिंग घेतलं.

पक्षी अर्थातच नव्हता. पण आरसाही राहिला नव्हता. मी आणलेली ती निर्लज्ज चकाकी कधीच गेली होती आणि पातं शिसपेन्सिलीच्या टोकासारखं करडं, शांत झालं होतं. त्यावर केसाहून बारीक हजारो रेघा होत्या, सगळ्या एकाच तिरक्या दिशेच्या, कुठेही एकमेकींना न छेदणाऱ्या. पट्ट्यावर पातं कधीही न आपटणाऱ्या माणसाच्या रेघा. आठ हजार सकाळी झाल्या असतील. मला पानावर पान उघडत गेल्यासारखं वाटत होतं, आणि आयुष्यभर छापील अक्षरं तपासलेली मी श्वास रोखून बसले होते.

मग मी दांडी उलटी केली.

खाचांमध्ये दोन खळगे होते. एक मागे, खोल, कडा गोल झालेला, तळाशी तपकिरी. दुसरा पात्याच्या अगदी जवळ, उथळ, उजळ. बाबा पेन्सिलसुद्धा टोकाजवळ धरत. लहानपणी मी त्यावरून त्यांना चिडवायची, "बाबा, शिसं टोचेल." पुढचा खळगा त्यांचा होता.

मागचा त्यांचा नव्हता. मोटरचं चाक त्या आतल्या अंगाला पोचलंच नव्हतं. मी ज्याला पुसून टाकलं असं समजत होते, तो माणूस इथं बोट टेकवून होता. आणि बाबांनी एवढी वर्षं त्याच्या बोटाला धक्का न लावता, थोडं पुढे, आपलं बोट ठेवलं होतं. मी माझं बोट आधी एका खळग्यात ठेवलं, मग दुसऱ्यात. दोन्ही माझ्या बोटाला मोठे होते.

"झाला का चकचकीत?" आईनं मागून विचारलं.

"करायचा नाहीये, आई. हा टेलरमावशींचा आहे."

आई खुर्चीवर बसली. "म्हणजे शेवटी बघितलास."

"तुला माहीत होतं?"

"त्या दिवशी घरात तू होतीस आणि मांजर होतं. मांजराला मोटर चालू करता येत नव्हती." ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मी म्हटलं होतं, बोलते पोरीशी. तर म्हणाले, राहू दे, सांगेल तेव्हा सांगेल. मावशीकडेही दोनदा गेले हा घेऊन. काहीतरी दाखवायचं होतं. तिनं दार लावून घेतलं."

मी वस्तरा मऊ कापडात गुंडाळला, भिंग घेतलं आणि निघाले.

टेलरमावशी बाहेरच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, गळ्यात टेप. त्यांनी पाय थांबवले नाहीत.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "वाईट झालं. माप द्यायचंय का?"

"नाही, मावशी. एक दाखवायचंय."

मी मशीनच्या दिव्याखाली कापड उलगडलं. मशीन थांबलं. त्यांनी मूठ ओळखली; त्यांचं बोट थेट त्या टवक्यावर गेलं. मी भिंग पुढे केलं.

"ह्या खाचा बघा. मागचा खोल खळगा आहे ना, तो तुमच्या वडिलांच्या बोटाचा. तो तसाच आहे. पुढचा माझ्या वडिलांचा."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंगावर वाकल्या. मग बोटातलं अंगुस्तान काढून बाजूला ठेवलं आणि ते बोट मागच्या खळग्यात ठेवलं.

"बाबा असंच धरायचे," त्या म्हणाल्या. "जरा मागेच. हात थरथरायचा, पात्याला बोट लागू नये म्हणून." बोट तिथून हललं नाही. "हे त्याला माहीत होतं? तुझ्या बापाला?"

"हो."

"मग इतकं सगळं कळणाऱ्या माणसानं," त्यांनी मान वर केली, आणि त्यांचा आवाज बावीस वर्षांपूर्वीसारखाच शांत होता, "तेव्हा तो घासलाच कशाला गं?"

"बाबांनी नाही घासला, मावशी," मी म्हणाले. "मी घासला. ते घरी नव्हते."