खोकं उचलायचं कसं

सोमवारी सकाळी साडेनऊला रिटा नोकरीवर हजर झाली, म्हणजे स्वयंपाकघरातून निघून पुढच्या खोलीत गेली. तेवढ्या आठ पावलांसाठी तिने इस्त्रीची साडी नेसली होती आणि पायांत बाहेरच्या चपला घातल्या होत्या. तिचा नवरा हिलरी वाडीतून आत येत होता, तो दारातच थबकला.

"कुठे निघालीस?"

"ऑफिसला," असं म्हणून रिटा खुर्चीवर बसली आणि तिला एवढं हसू फुटलं की लॅपटॉप उघडायला दोन मिनिटं लागली.

हसू येणारच. पापडीजवळच्या एका शाळेत तेवीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवून तिने राजीनामा दिला, तेव्हा गावातल्या सगळ्यांना वाटलं आता ही वाडी बघणार, मोगरा खुडणार. तिने मात्र आठ महिने घरी बसून ट्रेनिंग डिझाइनचा कोर्स केला. कामावर नव्याने आलेल्या माणसाला ते काम कसं करायचं हे शिकवणारे धडे तयार करायचे, असं ते काम. पाच कंपन्यांनी एकोणपन्नास हे वय बघून नम्रपणे नकार दिला. पुण्याच्या सहाव्या कंपनीने घेतलं, तेही घरी बसून करायला.

पडद्यावर व्हिडिओ मीटिंगचे बारा चौकोन उघडले. टीम लीडर वसुंधरा जेमतेम तिशीची होती. ती म्हणाली, "रिटा, वेलकम!"

नुसतं रिटा! तेवीस वर्षं कामाच्या जागी ती टीचर होती. बाजारात मासळीवालीसुद्धा टीचरच म्हणायची. रिटाला एकदम वीस वर्षांची असल्यासारखं वाटायला लागलं.

"तुमचं पहिलं काम," वसुंधरा म्हणाली. "एका गोदामात नवे पॅकर येतात आणि पहिल्याच आठवड्यात कंबर धरून बसतात. खोकं कसं उचलायचं, त्याचा धडा हवाय. शुक्रवारपर्यंत. गोदाम कुठेतरी कामणला आहे."

"कामण?" रिटा जवळजवळ ओरडलीच. "अहो, ते इथेच आहे, आमच्या वसईत!"

मंगळवारी दुपारी तिचा धडा तयार होता. बेचाळीस स्लाइड. मणक्याची आकृती, स्नायूंची नावं, जोड्या लावा, शेवटी स्वाध्याय.

वसुंधराने सगळा बघितला. "मेहनत दिसतेय, रिटा. बघायला वेळ किती लागेल?"

"पस्तीस मिनिटं. एक तासिका."

"त्यांना दोन मिनिटं मिळतात. तीही उभ्याउभ्या, मोबाइलवर."

रिटाचा चेहरा क्षणभर पडला. नापास झाल्यावर पोरांना काय वाटत असेल ते इतक्या वर्षांनी तिला पहिल्यांदा कळलं. मग तिने विचारलं, "मी तिथे जाऊन बघू का? माझ्याकडे स्कूटर आहे."

गिऱ्हाइकाच्या गोदामात आजवर कुणी गेलंच नव्हतं. "जा की!" वसुंधरा हसायला लागली. "मी त्यांना फोन करते."

बुधवारी रिटा पदर खोचून कामणला पोचली. गोडाऊनमध्ये उन्नती नावाची एक बारीकशी मुलगी खोक्यामागून खोकं उचलत होती. चेहऱ्यावर जराही ताण नव्हता.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"कोनी नाय, मॅडम. सुरवातीला माझी पन कंबर गेली होती. मग घरी भावजयीला बघितलं, पोराला कडेवर घेताना." उन्नती गुडघ्यांत वाकली, खोकं पोटाशी ओढलं आणि सरळ उभी राहिली. "पोर कोन हात लांब करून उचलतो काय? पोटाशी धरायचं. बस."

बेचाळीस स्लाइडचं सार त्या एका वाक्यात होतं! रिटाने तिथल्या तिथे एक खोकं उचललं, पोटाशी धरलं, आणि "आलं! आलं!" करत ते घेऊन गोल फिरली. सुपरवायझरसकट सगळे टाळ्या वाजवायला लागले.

गुरुवारी वाडीत शूटिंग झालं. नट म्हणून हिलरी, खोकं म्हणून राजेळी केळ्यांनी भरलेला क्रेट. आधी चुकीची पद्धत दाखवायची होती. हिलरी हात लांब करून वाकला, क्रेट अर्धवट उचलला आणि असा काही कळवळला, असा काही केळीच्या बुंध्याशी कोसळला, की शेजारचा लेस्टर कुंपणावरून उडी मारून धावत आला.

"रिटा, बघत काय उभी राहिलीस? पाणी आण, पाणी! याला काहीतरी झालंय!"

"मेलो रे लेस्टर," हिलरी डोळे मिटून म्हणाला. एवढ्यावर न थांबता त्याने एक पायही झाडला. रिटा हसत हसत खाली बसली, पण मोबाइल तिने सोडला नाही. खरं कळल्यावर लेस्टरने हिलरीला गावभर ऐकू जाईल अशी शिवी घातली आणि मग स्वतःच क्रेट पोटाशी धरून नीट उचलून दाखवला. तेही चित्रित झालं.

शुक्रवारी तिने तो धडा टीमला दाखवला. एक मिनिट पन्नास सेकंद. शेवटी पाटी: 'शिकवणारी: उन्नती, पॅकिंग विभाग.'

लेस्टरने उडी मारली तिथपासून पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही, एवढे सगळे हसत होते. मग कुणीतरी पाण्याचा जार उचलून बघितला, दुसऱ्याने आपलं जाडजूड कुत्रं. वसुंधरा पडद्यावरून गायब झाली आणि तीन वर्षांच्या मुलीला पोटाशी धरून परत आली. "खरंच की! मी हिला रोज चुकीच्या पद्धतीने उचलत होते."

पुढच्या सोमवारी सकाळी, कामाची वेळ सुरू व्हायच्या आधी, रिटा पुन्हा कामणला जाऊन गोडाऊनच्या दारात उभी राहिली. राहवलंच नाही तिला. नव्याने आलेले दहा-बारा जण सुपरवायझरच्या मोबाइलभोवती दाटीने उभे होते. हिलरी कोसळला तेव्हा हशा पिकला. आपलं नाव आलं तेव्हा उन्नतीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग भोंगा वाजला. मिशीवाला एक थोराड गडी पहिल्या खोक्यापाशी गेला, गुडघ्यांत वाकला, खोकं पोटाशी ओढलं आणि अलगद उभा राहिला.

"मॅडम, बघितलं का?" उन्नती लांबून ओरडली.

रिटाने बघितलं होतं. तिने दोन्ही हात उंच करून हलवले. तेवढ्यात फोन वाजला. वसुंधरा होती.

"रिटा, पुढचं काम आलंय. जरा अवघड आहे—"

"हो!" रिटा म्हणाली.

"अहो, काय आहे ते तरी ऐका."

"ऐकते ना. पण आधी हो!"